ट्रॅकवर जाऊन घरी परत येणारी गाडी

प्रश्न : मी गाड्यांच्या क्षेत्रातच नोकरी करतो, पण कॉम्प्युटरसमोर बसून. मागे मित्राबरोबर चेन्नईच्या ट्रॅकवर नुसता बघायला म्हणून गेलो आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. शर्यतबिर्यत नको, पण वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डेला जाऊन गाडी मनसोक्त पळवावी असं वाटतं. त्यासाठी परवडणारी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. हातात दहा लाख आहेत. एक मित्र म्हणतो जुनी बीएमडब्ल्यू घे, दुसरा म्हणतो अबार्थ पुंटो शोध, भाऊ म्हणतो नवी कोरी आय-ट्वेंटी एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसर घे आणि मोकळा हो. ऑटोमॅटिक चालेल का? रोल केज बसवावा का? सराव ताम्हिणीत केला तर? आणि बायकोलाही ड्रायव्हिंगची भारी हौस आहे, एकाच गाडीवर दोघांना जाता येतं का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी वाईट बातमी. दहा लाखांत आपल्या देशात खऱ्या अर्थाची स्पोर्ट्स कार मिळत नाही. हाच प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणी विचारला असता तर उत्तर एका ओळीत संपलं असतं : जुनी माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ साली आलेली ही दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, जेमतेम टनभर वजनाची उघडी गाडी म्हणजे तिकडच्या हौशी मंडळींचं पहिलं प्रेम. भारतात ती अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही. आपल्याकडे तसा एक देशी प्रयत्न होऊन गेला, गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन, साठच्या आसपास अश्वशक्ती. दिसायला झोकदार होती, पण चालली नाही. आज एखादी सापडलीच तर जपून ठेवावी, ट्रॅकवर नेऊन हाल करू नयेत. म्हणजे तुमच्यासाठी उरली चटपटीत हॅचबॅक, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्या पत्रात अश्वशक्तीचा उल्लेख तीन ठिकाणी आहे (जागेअभावी ते भाग छापलेले नाहीत), अंतराचा एकदाही नाही. माझ्या मते तुमची गाडी अंतरच ठरवणार आहे. हौशी माणसाला जाता येईल असे देशातले तीन नावाजलेले ट्रॅक घेऊ. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासून चालू असलेला, ३.७ किलोमीटरचा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरहून थोडा जास्त आणि वळणावळणांचा. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, पाच किलोमीटरहून लांब, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. चिंचवडहून पहिले दोन बाराशे किलोमीटरच्या आसपास, तिसरा चौदाशेच्या वर. गाडी ट्रकवर लादून न्यायची तर त्या भाड्यातच हौस फिटते. त्यामुळे तुमच्यासारखा माणूस शुक्रवारी पहाटे सातारा-कोल्हापूरच्या रस्त्याला लागतो, रात्री बंगळुरू गाठतो, शनिवारी पुढे जातो, रविवारी ट्रॅकवर गाडी पिळतो आणि सोमवारी त्याच गाडीत बसून परत निघतो. गाडी ट्रॅकवर किती धावते हे बघाच. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती बाराशे किलोमीटर घरी यायला तयार असली पाहिजे, आणि नसली तर हुबळीच्या किंवा तुमकुरूच्या मेकॅनिकला ती उघडता आली पाहिजे.

या चाळणीतून बीएमडब्ल्यू लगेच खाली पडते. मोह मी समजू शकतो. आठ-नऊ लाखांत दहा-बारा वर्षांची थ्री सिरीज डिझेल दारात उभी राहते आणि सोसायटीत मान वाढतो. पण हिशेब करा. दीड टन वजन, १९० च्या आसपास अश्वशक्ती, म्हणजे टनामागे सव्वाशे. मारुती स्विफ्टचं २०२१ नंतरचं पेट्रोल इंजिन ९० अश्वशक्तीचं आणि गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे टनामागे शंभरच्या थोडं वर. वेग पकडण्यातला फरक आहे तो एवढाच. थांबण्यातला फरक मात्र प्रचंड आहे, आणि ट्रॅकवर गाडी दमते ती थांबताना.

इथे जरा रेंगाळतो, कारण नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. माणसासकट हजार किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणताना ब्रेकना साधारण ७३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. घरात सव्वादोन लिटर पाणी उकळायला तेवढीच लागते. गॅसवर त्याला आठ-दहा मिनिटं जातात, तुम्ही ते तीन सेकंदांत उरकता. आणि हे एका फेरीत चार-पाच वेळा, फेरीमागून फेरी. जड गाडी, समजा दीड टनाची, जास्त ताकदीमुळे सरळ पट्ट्यावर १८० ला पोचली, तर तिथून ६० वर येताना हाच आकडा साडेसोळाशेच्या पुढे जातो. वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्कना सोसावी लागते, आणि रोजच्या गाडीच्या डिस्क आणि पॅड चांदणी चौकाच्या उतारासाठी बनवलेले असतात, याच्यासाठी नाही.

मग काय होतं? चौथ्या-पाचव्या फेरीला तुम्ही नेहमीच्या खुणेला ब्रेक दाबता आणि पेडल बोटभर खाली जाऊन मऊ लागतं. पुढच्या वळणाला आणखी खाली. ब्रेक ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय डिस्कऐवजी ते बुडबुडे दाबतोय. दुसरा प्रकार वेगळा : पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. तिथे पॅडनी हात टेकलेले असतात आणि जळकट वास पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) शिरण्याआधीच नाकात जातो. पहिल्या दुखण्यावर औषध ताजं ब्रेक ऑइल, दुसऱ्यावर चांगले पॅड. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ नव्याने भरलेलं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. जुन्या गाडीत तीन वर्षांपूर्वीचं ऑइल असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी ते पूर्ण बदलून घ्या, गाडी कुठलीही असो.

पिटमध्ये आल्यावर सवयीने हँडब्रेक ओढू नका. मागे डिस्क असतील तर तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून डाग पडतात आणि घरी येईपर्यंत स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत राहतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, हळू मारायची असते, ती याचसाठी.

आता अबार्थ पुंटो. इथे माझंही मन पाघळतं. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून निघालेली गाडी, १.४ लिटरचं टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हायड्रॉलिक स्टिअरिंग, आणि २०१५ साली किंमत दहा लाखांच्या आत. त्या काळात एवढ्या पैशांत एवढी मजा दुसरं कुणी देत नव्हतं, आणि हातात येणारा रस्त्याचा निरोप आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत सापडत नाही. पण २०१९ मध्ये फियाटने भारतात पुंटो आणि लिनिया बंद केल्या. आता सुटे भाग म्हणजे ओळखी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि नशीब. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, फियाटचा जुना जाणता मेकॅनिक आहे आणि दोन महिने गाडी उभी राहिली तरी ज्याला चिडचिड होत नाही, त्याने खुशाल घ्यावी. पहिली ट्रॅक गाडी म्हणून तुम्हाला सांगणार नाही.

नवी एन लाइन किंवा रेसर का नको? गाड्या वाईट आहेत म्हणून नव्हे. दोन्ही १२० अश्वशक्तीच्या, टर्बो. एन लाइनला मागेही डिस्क आहेत आणि २०२३ पासून सहा गिअरचा मॅन्युअल मिळू लागला. रेसर २०२४ च्या जूनमध्ये साडेनऊ लाखांच्या आत एक्स-शोरूम किमतीला आली. पण रोड टॅक्स आणि विमा धरला की तुमचे दहा लाख शोरूममध्येच संपतात. टायर, पॅड, हेल्मेट, प्रवेश फी, पेट्रोल, हॉटेल यांना काय देणार? शिवाय कोऱ्या गाडीला ट्रॅकवर पहिला ओरखडा आला की माणूस आखडतो, आणि आखडून चालवणाऱ्याला ट्रॅकवर काही शिकता येत नाही.

तिथेच विम्याचाही प्रश्न येतो. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक बारीक अक्षरातला भाग असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी हे वापर त्यात स्पष्ट वगळलेले असतात. तुम्ही म्हणाल, मी शर्यत करत नाहीये. विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर तो युक्तिवाद करून बघायची वेळ येऊ नये. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च खिशातून, असंच धरून चाला. म्हणून बजेट ठरवताना किती पैसे आहेत याच्या आधी किती पैशांची गाडी एका दुपारी पूर्ण गमावली तरी घरचा हप्ता चुकणार नाही, हा आकडा काढा. बहुतेकांचा तो पहिल्या आकड्याच्या निम्मा निघतो.

माझं मत सांगतो. २०१८ नंतरची पेट्रोल मॅन्युअल स्विफ्ट घ्या, पाच-सहा लाखांच्या घरात, एका मालकाची, अपघात न झालेली. नाक मुरडू नका. साध्या श्वासाचं इंजिन, टर्बो नाही, त्यामुळे तामिळनाडूच्या उन्हात दुपारच्या सेशनलाही ते सकाळसारखंच चालतं. छोटी टर्बो इंजिनं तिथे तापून मलूल होतात. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. उरलेल्या चार लाखांत दोन वर्षांची हौस होते. याहून थोडं जास्त बळ हवंच असेल तर २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. तुमच्या शेजारच्या चाकणमध्येच बनलेली, ११० अश्वशक्तीची. तिचं बूड घट्ट आहे, ताशी शंभरच्या पुढे ती स्विफ्टपेक्षा जास्त विश्वास देते. पण भाग महाग आहेत आणि चांगली पोलो विकणारा भाव सोडत नाही. मारुतीचीच बलेनो आरएस २०१७ मध्ये आली होती, साडेनऊशे किलो, १०२ अश्वशक्तीचं टर्बो, चारही चाकांना डिस्क. फार खपली नाही, त्यामुळे शोधावी लागेल, पण मिळाली तर सोडू नका.

कमी ताकदीने नवशिक्याचं नुकसान होत नाही. आपला पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीतून वर आला. ती छोटी शर्यतीची गाडी कोइमतूरच्या करिवर्धन यांनी घडवली आणि तिच्या पोटात मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन होतं. करी स्पीडवेला नाव त्यांचंच. कमी ताकदीच्या गाडीत वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. तो न घालवायला शिकावंच लागतं. ताकदवान गाडीत उजवा पाय दाबला की चूक झाकली जाते आणि पुढल्या वेळी तीच पुन्हा होते.

ऑटोमॅटिकचं विचारलंत. एएमटी असेल तर मुळीच नको, गिअर बदलताना वळणाच्या मध्यात ती दम खाते. पोलो जीटीच्या जुन्या १.२ टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी आहे, झटपट आहे, पण त्याचा क्लच कोरडा आहे आणि तापणं त्याला मानवत नाही. मॅन्युअल घ्या.

गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि म्युझिक सिस्टिम बघण्यात वेळ घालवू नका. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडाला आणि गाडी तशीच रेंगाळली तर क्लच संपलाय. तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा घाईने टाका. खरखर आली तर गिअरबॉक्स थकलाय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांचं रबर ट्रॅकवर नेऊ नका. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हात फिरवा, कुठे वेल्डिंगचा गोळा किंवा नवा रंग लागला तर नमस्कार करून परत या. आणि डिकीत टो हुक आहे का ते बघा. पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं, त्यामागे तो फिरवून बसतो. ट्रॅकवर गाडी वाळूत रुतली की मार्शल पहिल्यांदा तोच मागतात, आणि जुन्या गाड्यांत तो हमखास हरवलेला असतो.

रोल केजचं, म्हणजे गाडीच्या आत बसवायच्या लोखंडी पिंजऱ्याचं, वेड सध्या बाजूला ठेवा. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे, आणि तुम्हाला तर याच गाडीने तीन राज्यांतून जायचंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केजचा लोखंडी पाइप डोक्यापासून हातभर असतो. ट्रॅकवर हेल्मेट असतं, ऑफिसला जाताना नसतं. मूळ सीट, मूळ बेल्ट, एअरबॅग आणि ईएसपी असेल तर तो चालू, एवढं पहिल्या वर्षाला पुरतं. हेल्मेट कुठलं चालेल हे आयोजकांना आधी विचारा. मोटारीच्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं, बाइकच्या हेल्मेटचं तसं असण्याची सक्ती नाही. कपडे सुती, बाह्या पूर्ण, बूट पातळ तळाचे.

गाडी रिकामी करा. बाटल्या, छत्री, चार्जर, डिकीतलं सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅटसुद्धा, तो सरकून पेडलखाली जातो. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीही काढून आदराने घरच्या देव्हाऱ्यात ठेवा. नव्वदच्या वळणात डिंक दगा देतो.

ताम्हिणीचं उत्तर एका शब्दात : नाही. वळणापलीकडे दुधाचा टेम्पो, शाळेतली पोरं किंवा पावसाने आणलेली माती असते. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, मागचा गाडीवान तुम्ही हाताने खूण केल्याशिवाय पुढे जात नाही आणि प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. घाटात यातलं काहीच नाही. सरावच करायचा तर रविवारी गो-कार्टिंगला जा. ब्रेक सरळ रेषेत लावणं, मग वळणं, मग हळूहळू ताकद देणं, हा क्रम तिथे अंगात मुरतो. चेन्नई-कोइमतूरच्या रेसिंग स्कूलमध्ये त्यांच्याच गाडीवर एक-दोन दिवसांचे वर्ग असतात. गाडी घेण्याआधी तो वर्ग करा, असं मी सुचवेन. कदाचित लक्षात येईल की वर्षातून दोनदा त्यांचीच गाडी भाड्याने घेणं तुम्हाला स्वस्त पडतंय, आणि मग या उत्तराचा अर्धा भाग रद्दच समजा.

शेवटचा प्रश्न तुमच्या सौभाग्यवतींचा. एका गाडीवर दोन चालक बहुतेक ठिकाणी चालतात, नाव आणि फी वेगळी भरावी लागते. पण नोंदणी करताना दोघांना लागोपाठच्या गटात घालू नका म्हणून आयोजकांना सांगा. तुम्ही वीस मिनिटं पिळून आलात आणि पाच मिनिटांत त्या निघाल्या, तर त्यांच्या वाट्याला तुमचे तापलेले ब्रेक येतात. मध्ये एक गट रिकामा जाऊ द्या. त्या वेळात टायरमधली हवा तपासा. थंड असताना ३२ भरलेली हवा गरम झाल्यावर ३८-३९ झालेली दिसेल, ती थोडी उतरवा, आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी पुन्हा भरायला विसरू नका.